वाचक विचारतात: वेगात उसळणारी, डोलणारी, घसरणारी बोट

प्रश्न: शिवोलीला आमची १८ फुटी फायबरची बोट आहे. जुनं ९० अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक काढून तेवढ्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक इंजिन बसवलं. आता शापोरा नदीच्या सपाट पाण्यातही वीस नॉटच्या वर गेलं की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर-खाली उसळ्या मारते. ट्रिम टॅब (मागच्या कडेला लावायच्या, वर-खाली कलणाऱ्या पट्ट्या) बसवावेत का?

उत्तर: इतक्यात नको. ९० चं फोर-स्ट्रोक जुन्या टू-स्ट्रोकपेक्षा साधारण चाळीस किलोनं जड भरतं आणि ते वजन ट्रान्समच्याही (इंजिन बसतं त्या मागच्या सपाट भिंतीच्या) मागे लटकतं. बोट पाण्यावर उचलली गेली की फक्त मागचा तळ टेकलेला राहतो. वजन फार मागे असेल तर नाळ वर जाते, टेकलेला भाग आखूड होतो, उचल कमी पडते आणि नाळ खाली येते. खाली आली की तळ पुन्हा लांब टेकतो, पुन्हा उचल मिळते. हे चक्र थांबत नाही.

आधी फुकटची चाचणी करा. उसळ्या सुरू होतात त्याच वेगाला मागची दोन माणसं पुढे बसवा. उसळ्या थांबल्या तर दुखणं वजनाचंच. मग बॅटरी, नांगर, जादा पेट्रोलचे कॅन पुढे हलवा. शंभर लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे ७५ किलो, त्यामुळे टाकी मागच्या बाकाखाली असेल तर भरलेल्या आणि निम्म्या टाकीवर वेगवेगळं चालवून बघा. बॅटरी पुढे नेताना केबल लांबते. ती जाड घ्या, नाहीतर स्टार्टरला पुरेसा दाब मिळत नाही आणि दोष इंजिनाला लागतो.

त्यानंतर ट्रिम, म्हणजे इंजिनाचा कल. उसळ्या थांबेपर्यंत इंजिनाचा खालचा भाग थोडा थोडा आत, ट्रान्समकडे घ्या. पूर्ण आत घेऊनही थांबत नसतील तर ट्रान्सम पुरेसा कललेला नाही. इंजिनाचं ब्रॅकेट आणि ट्रान्सम यांच्यामध्ये चार-पाच अंशांची पाचर बसते. मात्र ट्रिम खूप आत ठेवून आग्वादच्या बाजूनं मांडवीच्या मुखात शिरू नका. मागून येणारी लाट बोट ढकलते, दबलेली नाळ पाण्यात रुतते आणि बोट आडवी फिरते. मुखाशी येण्याआधी वेग उतरवा आणि नाळ थोडी वर घ्या.

एवढ्यावर भागलं नाही तर तळ तपासा. हे काम बहुतेक जण टाळतात. बोट किनाऱ्यावर असताना दोन मीटरचा सरळ अ‍ॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप ट्रान्समपासून पुढे, कीलला (तळाच्या मधल्या कण्याला) समांतर, दोन्ही बाजूंना धरा. पाइप मधल्या फुगवट्यावर डुगडुगत असेल तर मागची कड वर गेलेली आहे आणि उसळ्यांचं मूळ तिथेच आहे. उलट मध्ये फट दिसली तर तळाला खळगा आहे. त्यानं उसळ्या येत नाहीत, पण नाळ दबते, वेग पडतो, सुकाण बिचकतं. तीन मिलिमीटरचा फरकही वेगात जाणवतो. पावसाळ्यात बोट ओढून ठेवताना ठोकळे ट्रान्समखाली न देता दोन-तीन फूट पुढे दिले की इंजिनाच्या वजनानं शेपटी खाली वाकते आणि हा खळगा तयार होतो. इंजिन उतरवून ठेवा किंवा आधार थेट ट्रान्समखाली द्या.

फुगवटा असेल तर मागच्या कडेकडे इपॉक्सीचा भराव देऊन रेघ सरळ करा. गाडीची पुटी वापरू नका, ती पाण्यात सुटते. तळ आणि ट्रान्सम जिथे मिळतात ती कड धारदार ठेवा. रंगकामात ती घासून गोल झाली तर पाणी तिला चिकटून वर वळतं आणि बोटीची शेपटी खाली ओढतं.

टॅबचा विचार यानंतर करा. चार पात्यांचा पंखाही (प्रॉपेलर) शेपटी थोडी उचलतो, तेव्हा तो एखाद्याकडून उसना मिळाला तर आधी लावून बघा.

प्रश्न: झुआरीत २१ फुटी खोल व्ही तळाची, १५० अश्वशक्तीची बोट चाळीस नॉटला डावी-उजवी डोलू लागते. वाढत गेलं की भीती वाटते.

उत्तर: भीती रास्त आहे. त्या वेगाला बोट कीलजवळच्या अरुंद पट्टीवर तोललेली असते. उजवीकडे फिरणारा पंखा तिला डावीकडे कलवतो, तुम्ही चाक वळवता, पण स्टीअरिंगमध्ये ढिलाई असली तर इंजिन उशिरा वळतं आणि तुमची दुरुस्तीच पुढच्या झोक्याला बळ देते.

बोट किनाऱ्यावर, चाक कुणीतरी घट्ट धरलेलं, आणि तुम्ही इंजिनाचा खालचा पाय डावी-उजवी हलवा. हललं तर ढिलाई शोधा: केबलचं टोक, जोडणीचे बोल्ट, टिल्ट ट्यूबचे बुश, इंजिनाचे रबर माउंट. हायड्रॉलिक असेल तर त्यातली हवा काढा. एकाच जुन्या केबलवर १५० ची ताकद सोपवणं आम्हाला पटत नाही. हायड्रॉलिकच बसवा.

ढिलाई गेल्यावर इंजिन बोल्टच्या भोकांमध्ये एक भोक, म्हणजे साधारण १९ मिलिमीटर, खाली घ्या आणि जड सामान उजवीकडे सरकवा. चालवताना डोलणं सुरू झालं की ट्रिम किंचित आत घ्या, थ्रॉटल हळूहळू कमी करा. झटक्यात बंद केला तर नाळ खाली येऊन बोट गर्रकन वळू शकते. किल-स्विचची (चालक पडला तर इंजिन बंद करणारी) दोरी अंगाला बांधलेली हवी. चाचणी सकाळी, वारा पडलेला असताना, बार्जांच्या वाटेपासून दूर घ्या.

प्रश्न: वळणावर इंजिन एकदम किंचाळतं आणि बोट बाजूला घसरते.

उत्तर: पंखा हवा ओढतो. इंजिन सरळ उभं ठेवून पंख्यावरची आडवी पट्टी कीलच्या खालच्या रेषेत आहे का पाहा. ती फार तर २५ मिलिमीटर वर चालेल, त्याहून जास्त असेल तर इंजिन खाली उतरवा. उंची बरोबर असेल तर पात्यांच्या कडा तपासा. मग पंख्याच्या अगदी पुढे फिश-फाइंडरचा (मासे शोधणाऱ्या यंत्राचा) सेन्सर बसवलाय का, ते बघा. त्याचे बुडबुडे थेट पंख्यात जातात. तो किमान एक फूट बाजूला हलवा.