हर्लिंगचा स्कोअर कसा वाचायचा?

प्रश्न: हर्लिंग म्हणजे आयर्लंडचा काठीने चेंडू मारायचा खेळ. त्याची २०२४ ची फायनल, दोन काउंटींचे (जिल्ह्यांसारख्या भागांचे) संघ, क्लेअर ३-२९, कॉर्क १-३४. मग जिंकलं कोण?

उत्तर: क्लेअर, तेही फक्त एका पॉइंटने! गोलपोस्ट एच अक्षरासारखा असतो, आडव्या दांडीखालून चेंडू जाळ्यात गेला की गोल म्हणजे ३ पॉइंट आणि वरून गेला की १, त्यामुळे ३-२९ म्हणजे ९ अधिक २९, झाले ३८, कॉर्कचे ३७, आणि निकाल लागला तो एक्स्ट्रा टाइममध्ये. बिचाऱ्या कॉर्कचं नशीबच फुटकं, कारण २०२५ च्या फायनलला हाफटाइमला ६ पॉइंटने पुढे होते आणि दुसऱ्या हाफमध्ये टिपरेरीसमोर जेमतेम २ पॉइंट काढले, हरले १५ ने. आणि हो, खेळाडूंना पगारबिगार काही नसतो, सगळे हौशी.