एआयएसमध्ये अनोळखी पगार

प्रश्न : आयकर विवरणपत्र भरताना एआयएसमध्ये (आयकर खात्याकडच्या माझ्या वार्षिक माहितीच्या नोंदीत) मी कधीच काम न केलेल्या कंपनीचा पगार आणि टीडीएस (पगारातून आधीच कापलेला कर) दिसला. काय करू?

उत्तर : त्या टीडीएसचा परतावा चुकूनही मागू नका; मागितलात तर पगारही तुमचाच धरला जाईल. आयकर पोर्टलवर एआयएसमधल्या त्या नोंदीवर ‘ही माहिती माझी नाही’ अशा अर्थाचा अभिप्राय द्या, पोचपावती जपून ठेवा. कंपनीलाही लेखी कळवा. कधी कधी पॅनमधलं एखादंच अक्षर चुकलेलं असतं आणि टीडीएस विवरणपत्रात ते कंपनीलाच दुरुस्त करता येतं. मात्र कुणी तुमच्या पॅनचा गैरवापरही केलेला असू शकतो, म्हणून सिबिल अहवाल (तुमच्या नावावरच्या कर्जांची नोंद) लगेच पाहा, वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. त्यात अनोळखी कर्ज असेल तर बँकेकडे आणि सायबर पोलिसांकडे तक्रार करा. यापुढे पॅनची झेरॉक्स देताना तारीख आणि कारण लिहून त्यावर आडवी सही करा.