बीएमएस खराब नाही, दिव्याची काळी वायर चुकीच्या जागी आहे

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रात्रीच्या लाइटीत संत्र्याला ओलित करायला दिवा हवा म्हणून १८६५० चे (लिथियमचे, चार्ज होणारे) तीन सेल सिरीजमध्ये जोडले, नागपूरच्या बर्डीतून आणलेला थ्री-एस बीएमएस (तीन सेल जपणारा बोर्ड) लावला आणि १० वॅटची १२ व्होल्टची एलईडी पट्टी जोडली. एका रात्री पट्टी चालूच राहिली आणि सकाळी मधला सेल १.२ व्होल्टवर सापडला. बीएमएस असताना हे झालंच कसं?

तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून पाहिला. पट्टीची काळी वायर बी-मायनसवर, म्हणजे बोर्डाच्या सेलकडच्या मायनसवर टाकलेली आहे. सगळा घोळ तिथेच आहे. हे बोर्ड मायनसच्या बाजूने वीज तोडतात. बी-मायनस आणि पी-मायनस (बाहेर वीज द्यायची मायनस) यांच्या मधे मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच बसलेले असतात. तुमच्या बोर्डाने सेल उतरल्यावर आपलं काम केलं असणार, मॉस्फेट बंद केले असणार. पण तुमची वीज त्या वाटेने जातच नव्हती.

तुम्ही म्हणता, पट्टी मंद झाली होती पण विझली नव्हती, आणि पॅकवर ८ व्होल्ट होते. पट्टीत तीन-तीन एलईडी सिरीजमध्ये असतात, त्यामुळे ८ व्होल्टच्या आसपास ती मिणमिणतेच. आठाला तिनाने भागलं की सेलमागे २.७ येतात आणि वाटतं, ठीक आहे. प्रत्यक्षात दोन सेल ३.४ वर होते आणि एक १.२ वर. बेरीज तीच! पट्टीला फक्त बेरीज कळते, प्रत्येक सेल वेगळा पाहतो तो बोर्डच. माझ्या पहिल्या पॅकमध्ये मीही हेच केलं होतं आणि चांगला सेल गमावला होता.

तो १.२ चा सेल पुन्हा चार्ज करून वापरू नका. इतका खाली गेला की आतल्या पत्र्याचं तांबं विरघळू लागतं, आणि चार्ज करताना ते भलत्या जागी जमून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. टोकांना टेप लावा आणि ई-कचऱ्यात द्या, घंटागाडीत टाकू नका. जमलं तर तिन्ही सेल नवे, एकाच लॉटचे घ्या.

चार्जिंगला लावता तो राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टरही बंद करा. तुम्ही त्याचीही मायनस बी-मायनसवरच दिली आहे. समजा, खराब सेल २ व्होल्टवर अडकला, तर उरलेले १० व्होल्ट दोन सेलमध्ये, म्हणजे पाच-पाच. सेलची मर्यादा ४.२ आहे. हे वाचून मला खरंच काळजी वाटली. १२.६ व्होल्टचा, लिथियमसाठी असलेला सीसी-सीव्ही (आधी ठरावीक करंट, मग ठरावीक व्होल्ट देणारा) चार्जर घ्या आणि तोही पी-प्लस, पी-मायनसवरच जोडा. बीएमएस म्हणजे चार्जर नव्हे.

नवीन पॅकच्या वायरी बोर्डाला जोडताना आधी बी-मायनस, मग ४.२ चा टप्पा, मग ८.४, शेवटी १२.६. सेलवर थेट सोल्डर करू नका, निकेल पट्टी स्पॉट वेल्डिंग करून घ्या. सेलची पूर्ण बाहेरची डबी मायनस असते, म्हणून प्लसच्या टोकावर कागदी इन्सुलेशनची चकती लागतेच. प्लसच्या वायरीत पॅकजवळ ३ अँपिअरचा फ्यूज टाका, पट्टी ०.९ अँपिअरच्या आसपासच घेते. सगळं जोडूनही आउटपुट शून्य दिसला तर घाबरू नका, काही बोर्ड चार्जर क्षणभर लावल्यावरच जागे होतात.

मग पट्टी चालू ठेवून मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर घ्या आणि बी-मायनस ते पी-मायनस मोजा. काही मिलिव्होल्ट दिसले तर वीज मॉस्फेटमधून जातेय. अगदी शून्य आलं, तर वायर अजूनही चुकीच्या जागी आहे.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचंही पाहा. बहुतेक सेलना चार्जिंगची मर्यादा ४५ अंश असते. मे महिन्यात नागपुरात सावलीतच तेवढं होतं, टिनाच्या शेडमध्ये तर विचारूच नका. शेतातून आणलेला पॅक घरात थंड होऊ द्या, चार्ज पहाटे करा, आणि तेव्हा जवळ राहा.

पॅक झाला की पहिल्या चार्जनंतरचे तिन्ही सेलचे वेगवेगळे आकडे इथे टाका. त्यात ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर शेतावर नेण्याआधी आपण पाहू.