नवजात कक्षातील दमणूक आणि मुलीचा राजीनामा

सस्नेह नमस्कार,

वाळपईहून आलेले आपले पत्र मिळाले. बी.एस्सी. नर्सिंग झालेली आपली मुलगी दोन वर्षांपासून एका रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात आहे. आता राजीनामा देऊन कारकुनाच्या सरकारी परीक्षेला बसायचे ती म्हणते, आणि तिला अडवावे की जाऊ द्यावे, असा आपला प्रश्न आहे. पत्रातली एक गोष्ट मनाला फार लागली. पूर्वी बाळांना लाडाची नावे ठेवणारी ही मुलगी आता बाळाला ऊब देणाऱ्या खाटेच्या क्रमांकावरून ‘वॉर्मर नंबर चार’ एवढेच म्हणते, आणि रात्रपाळीहून आल्यावर घरात मिक्सर लागला तरी दचकते.

ती निगरगट्ट झालेली नाही, ती दमली आहे. या दमणुकीला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या वर्गीकरणात तिची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणारी स्थिती म्हणून केली: अंगातली शक्ती संपते, कामावरून मन उडते आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटू लागते. किलोभर वजनाच्या बाळाची शीर शोधताना, औषधाची मात्रा दशांशापर्यंत मोजताना चुकीला जागा नसते. एखादे बाळ गेले, तर त्याच्या आईसमोर उभे राहून आलेल्या त्याच हातांनी शेजारच्या बाळाला नळीने दूध द्यावे लागते. रडायला पाळीत वेळच नसतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की राजीनाम्याचा निर्णय आज घेऊ नये, पण तिला त्याच कक्षात रेटूही नये. आधी तिने रजा घ्यावी, झोप भरून काढावी आणि मेट्रनकडे, म्हणजे मुख्य परिचारिकेकडे, दुसऱ्या विभागात बदली मागावी. झोप येतच नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे किंवा बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. तिचा नर्सिंगवरचा जीव उडाला आहे की त्या एका कक्षाने तिला पिळून काढले आहे, हे त्यानंतरच कळेल. कक्षच कारण ठरला, तर लसीकरण, स्तनपान समुपदेशन किंवा सामुदायिक आरोग्याचे काम आहे. बालआरोग्य विषयात दोन वर्षांचे एम.एस्सी. नर्सिंग करून शिकवताही येते आणि त्यासाठी लागणारा अनुभव तिच्या गाठीशी आहे. जीवच उडाला असेल, तर तिने परीक्षा जरूर द्यावी.

एक विनंती मात्र आपल्याला आहे. ‘बाळांची सेवा म्हणजे पुण्य’ असे आपण तिला समजावता, असे लिहिले आहे. आपला हेतू चांगला आहे, पण दमलेल्या मुलीला ते वाक्य टोचते. तूर्त ते बोलू नये. रजेनंतर तिला काय वाटते, हे तिने स्वतः मला लिहिले तर अधिक नेमके सांगता येईल.