कार्पेटचा भाव सांगताना

तुम्ही नव्यानेच कार्पेट बसवण्याची कामे घेऊ लागला आहात, म्हणून आग्रहाने सांगतो की मालाचा आणि मजुरीचा हिशेब चौरस फुटांच्या एकाच आकड्यावर करू नका. समजा, खोली 14 बाय 18 फुटांची, म्हणजे 252 चौरस फुटांची आहे आणि रोल 12 फूट पन्ह्याचा आहे. 18 फुटांचा तुकडा अंथरल्यावर दोन फुटांची पट्टी उघडी राहते. लव (कार्पेटवरचे उभे धागे) एकाच दिशेला राखून, 9-9 फुटांच्या दोन पट्ट्यांना मध्ये एक सांधा देऊन ती भरायची, तर रोलमधून आणखी 9 फूट कापावे लागतात आणि माल 324 चौरस फूट लागतो. कडांची छाटणी वेगळीच. हे जादा 72 चौरस फूट तुम्ही स्वतःच्या खिशातून भरू नयेत आणि गिऱ्हाइकापासून लपवूही नयेत. कापणीचा आराखडा कागदावर काढून दाखवला, की सहसा कोणी कुरकुर करत नाही. उरलेले तुकडे मात्र गिऱ्हाइकाचेच असतात. (ते गुपचूप टेम्पोत टाकणारे मी पाहिले आहेत.)

मजुरी 252 फुटांवरच लावावी. जुने कार्पेट उखडणे, फरशीवरचा वाळलेला गोंद खरवडणे, सामान हलवणे आणि दार खालून रंधून घेणे यांचे दर वेगळे लिहावेत. जिना असेल तर दर पायरीमागे धरावा. जीएसटी धरला आहे की नाही, हेही कोटेशनमध्येच लिहावे. दुसऱ्या ठेकेदाराने कमी भाव सांगितला, म्हणून गिऱ्हाइकाला न सांगता हलका अंडरले (कार्पेटखालचा मऊ थर) घालणे मला मुळीच मान्य नाही.