पांझरेचा पूर आणि बुडणारे पूल

प्रश्न : पांझरेला मोठा पूर आला की धुळ्यातले सखल फरशीपूल पाण्याखाली जातात आणि आम्हाला गावात यायला वळसा पडतो. सगळेच पूल उंच का बांधत नाहीत? आणि जुन्या दगडी पुलांची मजबुती आता राहिली नाही, हे खरे का?
– एक वाचक, देवपूर

उत्तर : फरशीपूल बुडतो तो चुकून नव्हे, बुडता यावे अशाच बेताने तो बांधलेला असतो. कॅप्टन ब्रिग्जने १८१८ नंतर धुळे हे खान्देशाचे मुख्य ठाणे केले तेव्हा गाव पांझरेच्या दक्षिण काठावर होते. पुढे उत्तरेला देवपूर वाढले आणि नदी ओलांडणे ही रोजची गरज झाली. उंच पुलाला दोन्ही बाजूंनी तेवढेच लांब भराव लागतात, आणि घरेदुकाने पार काठाला भिडली असताना त्यांना जागा कोठून आणायची? पुराच्या मोजक्या तासांसाठी एवढा खर्च करण्यापेक्षा ठेंगणा पूल करून तेवढा वेळ रहदारी थांबवणे परवडते.

मात्र असा पूल बांधणे सोपे नाही. काँक्रीट पाण्यात बुडाले की त्याचे सुमारे चाळीस टक्के वजन पाणीच उचलून धरते, म्हणून स्लॅब खांबांना पक्का जखडावा लागतो. स्लॅबखाली हवा कोंडली तर पाणी त्याला आणखी वर रेटते. म्हणून खालची बाजू सपाट ठेवतात. कठडे काढता येतील किंवा आडवे पडतील असे हवेत. ते उभेच राहिले तर काय होते, हे पूर ओसरल्यावर पाहावे : गजांत बाभळीच्या फांद्या, पऱ्हाट्या आणि चिंध्या इतक्या गच्च अडकलेल्या असतात की पुलाचा बंधाराच झालेला असतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, आणि मग हा सगळा रेटा पुलाला सोसावा लागतो.

तरीही माझ्या मते खरी भीती वरून जाणाऱ्या पाण्याची नसून खांबाच्या बुडाशी घोटाळणाऱ्या पाण्याची आहे. खांबावर आपटलेला प्रवाह खाली वळतो आणि भोवतीची वाळू उकरून नेतो. पूर ओसरताना त्याच खड्ड्यात नवी वाळू बसते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पाहणाऱ्याला सारे ठाकठीक वाटते. म्हणूनच पाया वाळूवर न टेकवता खालच्या काळ्या कातळात नेतात. पात्रात भराव टाकून नदी अरुंद केली तर वेग वाढतो आणि हे उकरणेही वाढते. याचा दोष पुलाच्या माथी मारणे बरे नव्हे.

दगडी कमानीविषयी सांगायचे तर दगडाला दाब मानवतो, ताण मानवत नाही, आणि कमानीत सारे वजन दाबानेच खांबांकडे जाते. गंजायला लोखंड नसते, हा तिचा मोठा फायदा. पण शेजारच्या दोन कमानी एकमेकींना रेटून उभ्या असतात, त्यामुळे एक खांब खचला तर लगतची कमानही धोक्यात येते. लांब पुलांत काही खांब मुद्दाम जाड ठेवलेले दिसतात ते एवढ्यासाठीच. ऑगस्ट २०१६ मध्ये महाडजवळ सावित्रीच्या महापुरात वाहून गेलेला पूलही ब्रिटिशकालीन दगडीच होता. तेव्हा पूल दगडी आहे एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

प्रश्न : विश्वेश्वरय्यांनी आमच्याकडे पांझरेवर पूल बांधला होता, असे वडीलधारे सांगत. खरे काय?
– एक वाचक, साक्री

उत्तर : पूल नव्हे, सायफन. १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात रुजू झालेल्या तरुण विश्वेश्वरय्यांची नेमणूक खान्देशात होती आणि पांझरेच्या कालव्याचे पाणी नाल्याखालून नळाने पलीकडे नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. नळाचे पाणी शिरण्याचे तोंड पाणी बाहेर पडण्याच्या तोंडापेक्षा थोडे उंच ठेवले की पाणी खाली उतरून पलीकडे आपसूक वर चढते, पंप लागत नाही. ऐन पावसाळ्यात पुराने आणि वाळूने त्या कामाला बराच त्रास दिला, पण काम पुरे झाले.