आधी जहाज पकडा

ब्रिटनमधून शिक्षा म्हणून ऑस्ट्रेलियाला धाडलेला कैदी पूर्वज शोधताय आणि त्याचं नाव ‘जॉन स्मिथ’ असेल, तर नुसत्या नावामागे धावू नका. त्या नावाचे कैदी ढिगाने निघतात. जहाजाचं नाव आणि ते ऑस्ट्रेलियात लागल्याचं वर्ष शोधा. वसाहतीच्या दप्तरात कैद्याच्या नावापुढे जहाज लिहायची पद्धतच होती. त्यामुळे तिकीट ऑफ लीव्ह (शिक्षा संपण्याआधी स्वतःचं काम करून राहायची परवानगी), माफी, लग्नाची परवानगी हे सगळं पुढे त्याच माणसाशी जुळवता येतं.

खटला ओल्ड बेलीत, म्हणजे लंडनच्या फौजदारी न्यायालयात, चालला असेल तर कामकाज नेटवर फुकट वाचायला मिळतं. बाकी इंग्लंडसाठी असाइझेस किंवा क्वार्टर सेशन्स या परगण्यांतल्या न्यायालयांचे कागद, आणि जुनी स्थानिक वर्तमानपत्रं. हे काम जरा कंटाळवाणं आहे.

न्यू साउथ वेल्सला कैदी धाडणं १८४० मध्ये थांबवलं, टास्मानियाला १८५३ मध्ये. पश्चिम ऑस्ट्रेलियात ते १८५० ते १८६८ पर्यंत गेले. वर्ष पाहून दप्तर निवडा. टास्मानिया निघालं तर चांदीच! तिथल्या वर्तणूक-नोंदींत उंची, धंदा, जन्मगाव, दंडावरचं गोंदण, दारू पिऊन घातलेला गोंधळ आणि त्याची शिक्षा, सगळं सापडतं. अक्षर किचकट असतं. घाई करू नका. आणि शिक्षा ७ वर्षांची होती म्हणून माणूस परत आला असेल, असं धरून चालू नका. परतीचं भाडं सरकार देत नसे, बहुतेक जण तिथेच राहिले.